भोंग्याचा फसलेला अल्बम

४ मार्च

भोंग्या,

आणि ती व्हायोलिनं कशाला रे? कोण मेलं होतं? कॅसेट लावल्यापासून जी रडायला लागली ती दुसरी बाजू संपेपर्यंत थांबली नाहीत. त्यांच्या गर्दीत तू कुठेतरी गातोस असं वेष्टनावर छापलंय म्हणून मानलं. नाहीतर मला वाटलं, दुकानदाराने चुकीची कॅसेट माझ्या गळ्यात मारली.

मी काही तुझ्या मासिकातल्या शहाण्यांसारखी नाही. मला सूरबीर कळत नाहीत. पण ताडपत्री शिवणाऱ्या बायकांना दिवसभर काय ऐकवतं आणि काय ऐकवत नाही, ते मला कळतं. तुझे आधीचे सगळे अल्बम आमच्या कारखान्यात फीत झिजेपर्यंत वाजले. मशिनींचा खडखडाट, ताडपत्रीला दोरीच्या कड्या ठोकायचा दणदणाट, आणि त्यातून तुझा आवाज वर यायचा. लहानपणी रडायचास तसाच. तुला भोंग्या उगाच नाही म्हणत. ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या, तंबू, दुकानांपुढची छपरं, सगळं तुझ्या गाण्यांवर शिवून झालं.

आता हा नवा. पहिल्यांदा लावला तेव्हा सगळ्या जणी काम सोडून स्पीकरच्या पेटीभोवती जमल्या. मीही काही बोलले नाही. म्हटलं, भावाचा अल्बम आहे, आज जाऊ दे. दुसऱ्या गाण्याला कडीवाल्या मावशी उठल्या आणि आपला हातोडा घेऊन बसल्या. मग बाकीच्या एकेक करून मशिनीवर गेल्या. मावशी मला हळूच विचारतात, "बाई, भावाला ताप होता का हो तेव्हा?" हळूच म्हणजे आमच्याकडच्या हिशोबाने हळूच. सगळ्यांनी ऐकलं.

हेसुद्धा गिळलं असतं. गिळवत नाही ते वेगळंच आहे. ड्रम कुठे आहेत? टिक टिक टिक टिक. घड्याळ उशाशी ठेवून गायलास का? मी वेष्टन उलटंसुलटं करून बघितलं. ड्रमपुढे ह्यांचं नाव नाही. कुणा माणसाचंच नाव नाही. मशीन! ज्यांच्या पाठीमागे लपून तू पहिला कार्यक्रम केलास, घाबरून शब्द विसरलास तेव्हा ज्यांनी नुसतं वाजवत राहून तुला सावरलं, त्या माणसाला, माझ्या नवऱ्याला, तुझ्या सख्ख्या दाजींना तू एका मशिनीसाठी घरी बसवलंस. मला म्हणतात, "मीच जरा सुट्टी घेतलीय." सुट्टी! मला काय दूधखुळी समजलात दोघं?

त्यांनी तुझा अल्बम कसा ऐकला ते सांगते, म्हणजे तुला काही वाटायचं असेल तर वाटेल. स्पीकरच्या पेटीला टेकून बसले, तळहात पेटीवर, डोळे मिटलेले. पहिल्यापासून शेवटपर्यंत हलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "छान आहे." एवढ्या मोठ्या मनाचा माणूस तुला जन्मात मिळणार नाही.

फोन केला की एक बाई उचलते आणि मलाच विचारते, आपण कोण. म्हणून लिहायला बसले. मला उत्तर हवंय, आणि ते तुझ्या हातचं हवंय.

ताई

---

१२ मार्च

आदरणीय रसिक,

आपले प्रेमळ पत्र मिळाले. नवा अल्बम आपल्या मनाला भिडला हे वाचून अतिशय आनंद झाला. आपल्यासारख्या चाहत्यांच्या पाठिंब्यामुळेच कलाकाराला नवनिर्मितीचे बळ मिळते. सोबत सही केलेले छायाचित्र भेट म्हणून पाठवत आहोत.

चाहता विभाग

---

१८ मार्च

भोंग्या,

या पाकिटावर मी "मूळव्याधीच्या औषधाची चिठ्ठी, खासगी" असं लिहिलंय. आता बघू कोण उघडतं तुझ्याआधी.

माझं प्रेमळ पत्र मिळालं म्हणे. भिडला म्हणे. त्या विभागातल्या माणसाने पत्र वाचलं असतं तर त्याला घाम फुटला असता.

फोटो मिळाला. सहीसुद्धा तुझी नाही. तुझी सही मला ओळखू येते, प्रगतिपुस्तकावर बाबांची म्हणून तूच ठोकायचास. आणि गळ्यात काय घातलंयस ते? आमच्याकडे तंबूच्या दाराला अशी झालर लावतात, तीही गिऱ्हाईकाने हट्ट केला तरच. मावशींनी फोटो कड्यांच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलाय. धूळ आत जात नाही, एवढा उपयोग झाला.

आता नीट ऐक. या महिन्याच्या आत तुझ्या हातचं उत्तर आलं नाही तर मी स्वतः येते. तुझ्या इमारतीच्या फाटकापाशी उभी राहीन आणि तुला घरच्या नावाने हाक मारीन. माझा आवाज कुठवर जातो ते तुला ठाऊक आहे.

ताई

---

२५ मार्च

ताई,

येऊ नकोस! फाटकापाशी पोरींचा घोळका असतो. त्यांना "भोंग्या" कळलं तर पुढच्या प्रत्येक कार्यक्रमात हजार जणी तेच ओरडतील, आणि मी सवयीने "ओ" देईन.

चाहता विभागाची मी चांगली खरडपट्टी काढली. तो विभाग म्हणजे एक बिचारा मुलगा आहे, त्याला रोज पोतंभर पत्रं असतात. हल्ली पोतं अर्धंच भरतं, त्यामुळे तोही खूश नाही.

अल्बम तुला आवडला नाही. ठीक आहे. तू एकटी नाहीस, मोठ्या मंडळींत आहेस. कंपनीच्या साहेबांनी मला बोलावून पाणी दिलं, चहा दिला, आणि मग म्हणाले की आणखी एक करून बघू. तोही आपटला तर त्यांचा-माझा संबंध संपला. हे ते इतकं गोड बोलले की मी जिना उतरेपर्यंत मला कळलंच नाही. इकडे एका दंतमंजनवाल्यांनी विचारलंय, आमच्या जाहिरातीत गाणार का. शब्द दोनच आहेत. बिघडवायला फारशी जागा नाही.

ड्रमचं विचारलंस. तो निर्णय माझा. मला नवा आवाज हवा होता, म्हणून दाजींना मी घरी पाठवलं. एवढंच. यावर मला आणखी विचारू नकोस आणि त्यांना तर मुळीच विचारू नकोस.

ते खरंच "छान आहे" म्हणाले? पेटीवर हात ठेवून? बरे आहेत ना गं ते?

तुझा,
भोंग्या

---

२ एप्रिल

भोंग्या,

नवा आवाज हवा होता म्हणे. जुन्याला कीड लागली होती का?

तुझं पत्र वाचून इतकी भडकले की तशीच उठून कॅसेटवाल्याकडे गेले. म्हटलं, बघू तरी या नव्या आवाजाला लोक काय म्हणतात. मला तुझा अल्बम कुठे दिसेचना. विचारलं, तर तो गुडघ्यावर बसला आणि अगदी खालच्या कप्प्यातून काढून दिला. तो कप्पा त्याने वेगळा ठेवलाय. "मोठ्यांच्या चुका" म्हणतो त्याला. पडेल भावात विकतो, तरी जात नाहीत.

माणूस बोलका आहे. मला एकेक काढून दाखवायला लागला. "हा बघा, एवढा मोठा गिटारवाला. याने अख्खा अल्बम गिटारला हात न लावता केला. आत्मा शोधत होता म्हणे. आम्ही गिटार शोधत होतो. आणि या बाई बघा, यांच्या गाण्यांवर लोक टेबलावर चढून नाचायचे. यांचं मांजर गेलं. वाईट झालं. पण अख्खा अल्बम मांजरावर? एका बाजूला मांजर जिवंत आहे, दुसऱ्या बाजूला नाही. आणि हे चौघं! यांनी एक राजा, एक समुद्र आणि एक दिवा अशी गोष्ट सांगितलीय, दोन कॅसेटी भरून. मी त्यांच्यातल्या एकाला भेटलो तेव्हा विचारलं, शेवटी राजाचं काय होतं? तो म्हणाला, मला वाटलं राजा दुसऱ्याच गाण्यात मेला." असं म्हणून त्याने तुझी कॅसेट वर धरली. "आणि हा यंदाचा."

मी म्हटलं, "तो माझा भाऊ आहे."

बिचाऱ्याचा चेहरा असा झाला की मलाच त्याला बसायला स्टूल द्यावं लागलं. मग म्हणाला, "ताई, मनाला लावून घेऊ नका. असा एक अल्बम प्रत्येक मोठ्या माणसाचा असतोच. लोक माफ करतात. दुसरा तसाच आला की मात्र लोक पुढचा घ्यायला येत नाहीत." मी तुझी कॅसेट उचलून वरच्या कप्प्यात पुढे ठेवली. तो म्हणाला, "तिथे ठेवलीत तरी कुणी घेणार नाही." मी म्हटलं, "नको घेऊ दे. पण कुणी वाकायला नको."

त्याच्याकडे ते मासिक पण होतं. गेल्या वर्षभरातले सगळ्यात निराश करणारे अल्बम, आणि पहिल्या नंबरावर तू. लिहिणारा म्हणतो, या गायकाकडे आता सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. मला असा संताप आला! तुला शिव्या घालायचा हक्क माझा आहे. तो कोण लागून गेला? त्याने तुझा शेंबूड पुसलाय का? त्यालाही एक पत्र टाकलंय. तिथेही चाहता विभाग असेल तर त्यांना फोटो पाठवायची इच्छा होणार नाही.

पण म्हणून तुला सोडलं असं समजू नकोस. ह्यांचं काय झालंय ते बघवत नाही मला. पूर्वी मी एक बोलले की दोन ऐकवायचे. घरात जरा जिवंतपणा असायचा. आता भांडतच नाहीत. काहीही म्हणा, मान डोलावतात. परवा मी म्हटलं, "समोरच्या छपराचं माप चुकलंय." तर म्हणाले, "हो हो, झकास झालंय." ड्रम कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेत. दिवसभर कड्या निवडत बसतात. मन कशातच नाही माणसाचं. हे तू केलंस.

आजपासून तुझं एकही गाणं या कारखान्यात वाजणार नाही. नवं नाही आणि जुनंही नाही. मावशी भांडल्या माझ्याशी, पण कारखाना माझा आहे.

उत्तर नको.

ताई

---

२१ एप्रिल

भोंग्या,

उत्तर नको म्हटलं तर तू खरंच नाही पाठवलंस. इतका आज्ञाधारक तू कधीपासून झालास?

काल वीज गेली.

भर दुपारी सगळ्या मशिनी एकदम बंद पडल्या. मावशींचा हातोडा काही विजेवर चालत नाही, पण बाकीच्या थांबल्या म्हणून त्याही थांबल्या. अशी शांतता आमच्याकडे नसते. खाली कारखाना, वर घर, आणि आम्ही सगळे झोप सोडली तर ओरडूनच बोलतो. काल रस्त्यावर कुणाची तरी सायकल घसरली तेही ऐकू आलं.

हे दाराकडे तोंड करून बसले होते, पितळी कड्या एकीकडे, लोखंडी एकीकडे करत. मी मागून म्हटलं, "अहो, कंदील कुठे ठेवलात?" साध्या आवाजात म्हटलं. ओरडायचं कारणच नव्हतं ना. काही नाही. मावशी म्हणाल्या, "रुसलेत." मी पुन्हा विचारलं. काही नाही. मग मला चेव आला. मी म्हटलं, "या माणसाऐवजी तंबूच्या खांबाशी लग्न केलं असतं तर खांब निदान सरळ तरी उभा राहिला असता." बायका खिदळल्या. ह्यांनी एक कडी उजेडात धरून बघितली, काहीतरी गुणगुणले, आणि कडी डब्यात टाकली.

तेव्हा हसणं थांबलं. मावशींचं सगळ्यात आधी.

मी अगदी त्यांच्या पाठीशी जाऊन उभी राहिले. हळू म्हटलं, "ऐकू येत नाही का हो तुम्हाला?"

माझा पदर खांद्याला लागला म्हणून ते वळले. हसून म्हणाले, "वीज गेली वाटतं."

भोंग्या, मी इतकी वर्षं ओरडतेय. मी ओरडते म्हणून त्यांना ऐकू येत होतं, आणि त्यांना ऐकू येत होतं म्हणून मला काही कळलं नाही. दुसऱ्या कुठल्याही घरात बायकोला आठवड्यात कळलं असतं.

मग विचारायचं ते विचारलं. अशा गोष्टी जवळ बसून कानात विचारायच्या असतात. पण त्या कानात विचारून काय उपयोग? ओरडूनच विचारावं लागलं. मशिनी बंद, दारं सताड उघडी. आमचं गुपित पलीकडच्या सायकलच्या दुकानवाल्याला, समोरच्या न्हाव्याला, सगळ्या गल्लीला माझ्याबरोबरच कळलं. न्हाव्याने तर गिऱ्हाईकाला साबण लावून तसंच सोडलं आणि तिथूनच कानाच्या डॉक्टरांचा पत्ता ओरडून सांगितला.

सगळं सांगितलं त्यांनी. त्या काचेच्या खोलीत तुम्ही चौघं रेकॉर्डिंग करत होतात, गाणं संपलं, तू थांबलास, लांब्याची गिटार थांबली, मास्तरांचा पियानो थांबला, आणि हे डोळे मिटून वाजवतच राहिले. डोळे उघडले तर तुम्ही तिघं त्यांच्याकडे बघत होतात. म्हणाले, "कुणी हसलं असतं तर चाललं असतं. कुणी हसलं नाही." त्याच दिवशी त्यांनी तुला शपथ घातली, ताईला कळता कामा नये. मी म्हटलं, का? तर म्हणतात, "तू घरच्यांशी भांडून ड्रमवाल्याशी लग्न केलंस. ड्रम गेले तर तुझ्याकडे उरतं काय?" मी म्हटलं, "कड्या निवडायला माणूस उरतो." वीज आली तरी मी मशिनी लावू दिल्या नाहीत.

तू माझं सगळं ऐकून घेतलंस आणि तोंड उघडलं नाहीस. मी माफी मागणार नाही, कारण तू माझ्याशी खोटं बोललास, आणि अल्बम वाईट तो वाईटच आहे. पण तुझी जुनी कॅसेट परत लावलीय. मावशींना जिंकल्यासारखं वाटतंय.

एक सांग. ह्यांना जमत नव्हतं तर दुसरा ड्रमवाला घ्यायचास. जगात काय कमी आहेत? मशीन कशाला?

ताई

---

२८ एप्रिल

ताई,

तुझं पत्र वाचताना तंबूच्या खांबाच्या वाक्यापाशी मी इतका हसलो की खालचे शेजारी बघायला वर आले. पुढचं वाचलं तेव्हा बरं झालं ते निघून गेले होते.

दुसरा ड्रमवाला घेतला होता. एक झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. सगळे एकापेक्षा एक हुशार. ठोका अगदी जिथल्या तिथे. घोटाळा तिथेच झाला. दाजींचा ठोका कधी जिथल्या तिथे नसायचा. मी श्वास घेतला की त्यांचा हात उचलला जायचा, मी सूर लांबवला की ते वाट बघायचे. मला इतकी वर्षं वाटत होतं की मला ताल कळतो. कळत नव्हता. मी वाटेल तिथे जायचो आणि ते माझ्या पायाखाली रस्ता टाकत यायचे. हुशार लोकांबरोबर गाताना मी प्रत्येक ओळीत अडखळायला लागलो, आणि ते सगळे माझ्याकडे दयेने बघायला लागले. म्हटलं, त्यापेक्षा मशीन बरी. तिला दया येत नाही.

मशिनीवर गाणं कोरडं वाटायला लागलं, म्हणून व्हायोलिनं घातली. व्हायोलिनांत मी ऐकू येईना, म्हणून मागे मुलींचा कोरस घातला. कोरसखाली मशीन दबली, म्हणून ती मोठी केली. डाग झाकायला चादर, चादर झाकायला सतरंजी, असं करत करत तो अल्बम झाला. वेष्टन हातात आलं तेव्हा माझं नाव बघून मला आश्चर्य वाटलं. तुझा दुकानदार बरोबर आहे, त्याला तो खालचा कप्पाच शोभतो. मांजरवाल्या बाईंशेजारी ठेवलाय ना? मी भेटलोय त्यांना. फार चांगल्या आहेत. दुसरं मांजर आणलंय, पण त्याच्यावर गाणं करणार नाही असं त्यांनी कंपनीला लिहून दिलंय.

आता पुढचं, तेही खरंच सांगतो. कंपनीला पुढच्या महिन्याच्या शेवटी कळवायचंय, दुसरा अल्बम करणार की नाही. मी नाही म्हणणार आहे. दाजी मागे नसतील तर मला गाता येत नाही, हे आता मला पक्कं कळलंय. आणि त्यांना परत बोलावलं, आणि त्या काचेच्या खोलीत पुन्हा तसंच झालं तर? त्या दिवशीचा त्यांचा चेहरा मी एकदा बघितलाय. पुन्हा नाही बघू शकणार. म्हणून दंतमंजन. रोज तीन वेळा टीव्हीवर दिसेन, तू कंटाळशील.

दाजींना माझा नमस्कार ओरडून सांग.

भोंग्या

---

१४ मे

भोंग्या,

दंतमंजन! तुझा पुढचा दात खोटा आहे हे सांगितलंस का त्यांना? नसेल तर मी कळवते.

आधी इकडचं. कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, गेलं ते परत येत नाही, उरलंय त्याला यंत्राने जोर देता येईल. यंत्र बसवलं. घरी आलो, मी दारातूनच मावशींना विचारलं, "चहा ठेवला का?" हे असे दचकले, म्हणाले, "अगं, एवढी बोंबलतेस कशाला?" कारखाना पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी छपराच्या मापावरून मला उलट उत्तर दिलं. तेही बायकांसमोर. इतकं बरं वाटलं मला, काय सांगू. मीही सोडलं नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत भांडलो.

मग मी लांब्याला बोलावून घेतलं. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू मला त्यांच्या चेहऱ्याबद्दल काहीतरी लिहून पाठवलं असतंस. लांब्या आपली खर्जाची गिटार आणि ती कपाटाएवढी स्पीकरची पेटी घेऊन आला. ड्रम आम्ही माझ्या कापायच्या टेबलावर चढवले, कारण खाली जागा नव्हती. तेच बरं झालं. लांब्याची पेटी पण त्याच टेबलावर ठेवली होती. त्याने तार छेडली आणि ह्यांनी एकदम खाली बघितलं. म्हणाले, "कळतंय. लाकडातून कळतंय." यंत्र काढून ठेवलं, बूट काढले, आणि बसले वाजवायला.

पहिल्या दिवशी भयंकर होतं. खोटं कशाला बोलू? दोघं दोन गावांना निघाल्यासारखे. मावशी म्हणाल्या, "नव्या अल्बमपेक्षा बरं आहे," तेवढाच काय तो दिलासा. पण लांब्या रोज येत राहिला. चौथ्या-पाचव्या दिवशी मी मशिनीवर होते, आणि माझा पाय आपोआप त्यांच्या ठोक्याबरोबर पडायला लागला. मान वर केली तर सगळ्यांचेच पडत होते.

अडलंय ते एकाच ठिकाणी. गाण्याच्या वरच्या पट्ट्या लाकडातून येत नाहीत आणि यंत्रातून नुसती पिपाणी वाजते. लांब्या तुझ्या जागी गाऊन बघतो. लांब्या गायला लागला की सायकलवाला शटर ओढतो. तरी ह्यांना जमेना. मी म्हटलं, आता? तर म्हणाले, "भोंग्या समोर पाहिजे. ऐकू नाही आला तरी चालेल, दिसला पाहिजे. श्वास घेताना त्याचा डावा खांदा आधी वर जातो." तुला कडेवर घेऊन वाढवलं मी, आणि हे मला ठाऊक नव्हतं.

काचेच्या खोलीत तुम्ही एकमेकांकडे पाठ करून वाजवता, तिथे खांदा कोणाला दिसणार? तेव्हा रेकॉर्डिंग इथे करायचं. आठवड्याच्या सुट्टीला कारखाना बंद असतो, मशिनी गप्प असतात. भिंतींना जाड ताडपत्री लावून देते, आवाज घुमणार नाही. मास्तर म्हणतात, भोंग्या आला तर मी आलोच. कंपनीला त्यांची यंत्रं घेऊन इकडे यायला सांग. चहा देऊ.

हे शेजारी बसलेत आणि म्हणताहेत, लिही. तर लिहिते. "त्याला म्हणावं, माझ्या कानांची कीव करून येणार असशील तर तिकडेच दात घास. तुला गायचं असेल तरच ये. आणि गाणं संपल्यावरही मी वाजवत राहिलो, तर या वेळी तिघांनीही हसायचं. मीही हसेन." असं म्हणून उठून गेले, म्हणजे मी त्यांच्या तोंडाकडे बघू नये.

अल्बम चांगला होईल की वाईट, मला माहीत नाही. वाईट झाला तर मी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगीन, ती काळजी करू नकोस.

आता कामाचं. मला माझं टेबल परत हवंय. जमिनीवर ताडपत्री कापून गुडघे कामातून गेले. शुक्रवारी सुतार येतोय. खिडकीकडच्या कोपऱ्यात जमिनीपासून जरा उंच, लाकडी फळ्या ठोकून देणार आहे. माप घ्यायला आला तेव्हा त्याने विचारलं, "किती जणांसाठी करायचं?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पटकन दुसरीकडे बघितलं. मी सुताराला म्हटलं, गुरुवारी सांगते.

एकट्याच्या ड्रमपुरतं करायचं, की चौघं उभे राहतील एवढं, ते तू सांगायचंस. पत्र पोचणार नसेल तर तार कर. "चार" किंवा "एक", एवढंच लिही. पण गुरुवारच्या आत कळव. शुक्रवारी लाकूड कापल्यावर आलास तर मला कुरकुर ऐकायची नाही. गुरुवार, समजलं?

ताई